बाटलीची आंघोळ

१

बाटलीचं सील शाबूत होतं, झाकण शाबूत होतं, पाणी खुणेपर्यंत तेवढंच होतं. फक्त त्या पाण्यात जे शिसं असायला हवं होतं, ते नव्हतं.

हे सगळं समितीच्या देखत झालं. प्रयोगशाळेच्या साहेबांनी स्वतःच्या हातानं सील फोडलं, पाणी भांड्यात ओतून आपल्या मोठ्या यंत्राला दिलं आणि पडद्यावर आडवी सपाट रेघ आली. मग टाचणीनं आपली पट्टी पुढे केली, तिच्यावर त्याच पाण्याचा थेंब टाकला. तिथेही सपाट रेघ. समितीतल्या कुणीतरी घसा साफ केला, कुणीतरी घड्याळ पाहिलं आणि प्रकरण माझ्या गळ्यात पडलं.

मी पाणीपुरवठा खात्याची चौकशी अधिकारी. माझ्या मागे मला खडूस म्हणतात हे मला ठाऊक आहे आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतच सुटला, तोही दोन्ही बाजूंच्या संमतीनं. पण बंद बाटलीतून एखादी वस्तू नाहीशी होते म्हणजे काय, हे समजायला शास्त्र लागत नाही. कुठंतरी पाणी मुरत होतं.

टाचणी ही आमच्या प्रयोगशाळेतली संशोधक. अंगानं बारीक, बोलायला टोकदार, म्हणून टाचणी. ती जे बनवते तेही तसंच: नखाएवढ्या पट्ट्या, पाण्यातले धातू ओळखणारे सेन्सर. शहरातल्या शाळा, दवाखाने, वसतिगृहं यांच्या टाक्यांमध्ये तिनं असे सेन्सर टांगून ठेवले होते. मुलींच्या वसतिगृहाच्या टाकीला आतून नवा रंग लावला, टाकी भरली आणि तिथल्या सेन्सरनं शिसं असल्याचा इशारा दिला. टाचणी धावत गेली, खाली एक थेंब जायच्या आत व्हॉल्व्ह बंद करून घेतला, तिथंच पट्टीवर पाणी तपासलं आणि साक्षीदारांसमोर एक बाटली भरून सील केली. पुढे कंत्राटदारानं टाकी पत्र्यापर्यंत खरवडली आणि दुसरा रंग दिला. खरवड कचऱ्याबरोबर गेली. उरली ती ही बाटली. समितीची तारीख लागेपर्यंत ती भांडारात पडून होती आणि आता तिनंच दगा दिला होता.

साहेबांनी टिपण लिहून माझ्यासमोर सरकवलं. ‘सदर पाण्यामुळे कुणीही आजारी पडलेले नाही. इशारा चुकीचा होता.’ खाली माझ्या सहीची जागा. मी सही केली की शहरातल्या सगळ्या टाक्यांमधले सेन्सर उपटून भंगारात जाणार होते आणि मागोमाग टाचणीची नोकरी.

“संध्याकाळी समिती पुन्हा बसेल,” अध्यक्ष म्हणाले. “तोवर सोक्षमोक्ष लावा.”

मी फोडलेलं सील, झाकण आणि ती रिकामी बाटली उचलून माझ्या खोलीत नेली. सही केली नाही. आजवर मी पुड्यावरचं न वाचता बिस्किटसुद्धा खाल्लेलं नाही, मग न समजता सही कशी करीन.

२

टाचणी आपल्या टेबलापाशी बसून आधीच स्वच्छ असलेली काच पुसत होती. रडलेली दिसत नव्हती. त्यापेक्षा वाईट दिसत होती.

“हे तुझं यंत्र मला समजेल असं सांग,” मी म्हटलं. “मी तुझी मावशी आहे आणि मला काही कळत नाही, असं समज.”

तिनं एक पट्टी माझ्या तळहातावर ठेवली. प्लास्टिकच्या तुकड्यावर तीन काळ्या रेघा, बस. “यावर पाण्याचा थेंब ठेवायचा. आधी वीज अशी द्यायची की पाण्यातला धातू या मधल्या रेघेवर येऊन बसतो. थोडा वेळ गोळा होऊ द्यायचा. मग वीज हळूहळू उलटी फिरवायची, की धातू परत सुटतात. प्रत्येकाचा उतरायचा थांबा वेगळा. जस्त आधी उतरतं, मग कॅडमियम, मग शिसं, तांबं शेवटी. जो जिथं उतरतो तिथं पडद्यावर उंचवटा येतो.”

“आणि वसतिगृहात शिशाच्या थांब्यावर उंचवटा आला होता.”

“केवढा तरी. बाई, मी तो डोळ्यांनी पाहिलाय. मला शिसं आणि तांब्यातला फरक कळत नसेल, तर मी भाजी विकावी.”

“मग बाटलीत का नाही?”

तिनं काच खाली ठेवली. “तेच डोक्यात घोळतंय. सगळं नियमानं केलं. बाटली भरली, आम्लाचे थेंब टाकले, झाकण लावलं, लेबल लावलं, सील केलं.”

“आम्ल कशाला?”

“नमुना टिकावा म्हणून. नियमच आहे.” एखादीला दात घासतेस का विचारावं, तशी ती माझ्याकडे बघत होती. “त्या दिवशी तर आम्लाची बाटली इथंच विसरले होते. टाकीवर चढल्यावर पिशवीत हात घातला तर नाही. मी स्वतःला इतक्या शिव्या घातल्या. नशीब, साहेब साक्षीदार म्हणून येणार होते, त्यांना टेबलावर दिसली. त्यांनी आणून शिडीवरून वर दिली. घाईत एक थेंब लेबलावर पडला, तो मी उजव्या बाहीनं टिपला.”

मी तिच्या एप्रनकडे पाहिलं. खात्यानं दिलेला पांढरा एप्रन, पण त्याची पार चाळण झालेली. पोटापाशी भोकं, खिशापाशी भोकं, डाव्या बाहीचा काठ कुरतडल्यासारखा.

“उंदरांनी खाल्लाय का?”

“आम्लानं.” ती जरा हसली. “एक थेंब उडाला की धुतल्यावर भोक हजर. आमची आई म्हणते, तुझ्या कपड्यांची पायपुसणीसुद्धा होत नाहीत.”

“त्या दिवशी हाच होता अंगात?”

“एवढाच आहे. दुसरा मागून वर्ष झालं.”

मी उठले. दारात थांबून तिचा उजवा हात एकदा नीट पाहून घेतला. तिनं विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही. पण उजवी बाही धडधाकट होती आणि ते मला आवडलं नव्हतं.

३

भांडारवाले काका किल्ली गळ्यात घालून फिरतात. आंघोळीलाही काढत नसावेत. त्यांच्याशी बोलणं म्हणजे सरकारी भिंतीशी बोलणं, पण भिंत खरं बोलते.

“बाईसाहेब, बाटली कपाटात, कपाट खोलीत, किल्ली माझ्या छातीवर. मधे कुणी आलं नाही, मी कुणाला दिली नाही.”

“साहेबसुद्धा नाहीत आले?”

“आले असते तर रजिस्टरला सही केली असती. ब्रह्मदेव आला तरी मी सही घेणार.”

सील मी भिंगाखाली पाहिलं होतं. ते कुणी उकललं नव्हतं. म्हणजे काकांचं खरं मानायला हरकत नव्हती आणि कोडं होतं तिथंच राहिलं.

टाकी रंगवणारा कंत्राटदार बाहेरच्या बाकावर बसला होता. गोल चेहऱ्याचा, घामाघूम. ज्याच्या रंगातून शिसं उतरलं असेल त्यालाच ते नाहीसं होण्यात रस असणार, त्यामुळे माझा पहिला संशय त्याच्यावर होता. मी त्याला तसं तोंडावर सांगितलं. माझी पद्धत अशीच आहे.

“ताई, मला शिसं दाखवलं तरी ओळखू येणार नाही,” तो काकुळतीला येऊन म्हणाला. “रंग मी आधी इथं तपासून घेतला होता. साहेबांनी एका दिवसात पास केला. कागद आहे माझ्याकडे, हवा तर बघा.”

“एका दिवसात? आमच्याकडे एका दिवसात चहासुद्धा मिळत नाही.”

“मलाही नवल वाटलं. नमुना द्यायला आलो तेव्हा मोठ्या यंत्रावर चादर घातलेली होती. दुरुस्तीवाला यायचा होता म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी कागद तयार. साहेब माणूस फार सरळ, ताई. आमच्यासारख्याला ताटकळत ठेवत नाहीत. मोठेपणाचा तोराही नाही. वसतिगृहात त्या मॅडम शिडीवर अडकल्या होत्या, तर स्वतः पुढे आले, शर्टाच्या खिशातून पेन काढावं तशी ती थेंबांची बाटली काढली आणि वर दिली. नाहीतर हल्लीचे साहेब.”

“कुठल्या खिशातून?”

“ह्या.” त्यानं हृदयावर हात ठेवला.

मी त्याला जायला सांगितलं. तो गेला तरी मी बाकावरच बसून राहिले. इतक्यात साहेबांच्या खोलीतला शिपाई आला. “बाई, साहेब म्हणाले, ती रिकामी बाटली द्या. आंघोळीला टाकायची आहे.”

“कुणाची आंघोळ?”

“बाटलीची. इथं सगळ्या बाटल्यांची आंघोळ असते.”

“तिला म्हणावं, आज पारोशी राहा,” मी म्हटलं आणि त्याला परत पाठवलं.

४

साहेबांची खोली म्हणजे काच आणि पांढरा रंग. त्यांच्या टेबलावर एक कागदसुद्धा तिरका नसतो. खात्यात त्यांच्याइतका नेटका माणूस नाही. त्यांच्या शर्टाला मी आजवर कधी डाग पाहिलेला नाही.

“मुलगी हुशार आहे,” ते म्हणाले. “पण उतावळी. मॅडम, ते नखाएवढं खेळणं इशारा देतं आणि आपण शहराचं पाणी बंद करायचं? इथं हे यंत्र मी इतकी वर्षं सांभाळलंय. तिच्या पट्ट्यांनी उद्या म्हणायचं, साहेब, तुमची गरज नाही.”

“असं ती म्हणाली?”

“म्हणायला कशाला हवं?” ते हसले, पण त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या हे दिसत होतं. “तुम्ही सही करून टाका. तिला दुसऱ्या खात्यात घेतील, मी शब्द टाकीन. आणि हो, ती बाटली तेवढी पाठवा. आमच्याकडे बाटल्यांचा तुटवडा आहे.”

“पाठवते,” मी म्हटलं.

एक रिकामी बाटली आणि तिच्यासाठी प्रयोगशाळेचा प्रमुख दोनदा मागणी करतो. येताना मी भांडाराच्या दारावरून आले. तिथं तसल्या बाटल्यांची रांगच्या रांग फळीवर उभी होती.

खोलीत शिरते तोच नणंदेचा फोन. आम्ही दोघी एकाच घरात राहतो आणि दिवसातून एकदा तरी फोनवर भांडल्याशिवाय आम्हाला करमत नाही.

“वहिनी, तुझा थर्मास तिसऱ्यांदा घासला. कॉफीचा वास जात नाही.”

“रिकामा तर आहे.”

“रिकामा असून काय उपयोग? कॉफी आतून चिकटलीय. तू ओतून प्यालीस म्हणजे संपली असं नसतं. नुसत्या पाण्यानं नाही निघायची ती, त्याला लिंबू चोळून ठेवलंय.”

मी काहीतरी उलट बोलणार होते, पण तोंड उघडं ते उघडंच राहिलं. माझ्या टेबलावर ती बाटली उभी होती. रिकामी.

“ऐकतेयस ना?” नणंद म्हणाली.

“घरी आले की तुझ्या पाया पडते,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. तिला वाटलं असणार मी टोमणा मारला.

टाचणीला बोलावून घेतलं. “बाटल्यांना आंघोळ का घालता?”

“धुतल्यावर आम्लाच्या हौदात बुडवून ठेवतो. काचेला धातू चिकटून राहतात, ते पुढच्या नमुन्यात उतरू नयेत म्हणून.” पाठ केल्यासारखं एका दमात म्हणाली आणि मग थांबली. “पण तसं नाही होणार, बाई. तेवढ्यासाठीच तर नमुन्यात आम्ल टाकतो. आम्ल असलं की धातू पाण्यातच राहतो, काचेला धरत नाही. आणि आम्ल मी टाकलंय.”

“टाकलंस?”

“स्वतःच्या हातानं.”

मी बाटलीवरचं लेबल एका कडेनं अलगद सोडवलं, पूर्ण काढलं आणि उजेडात धरलं. थेंब पडलेल्या जागी कागद फुगून सुकला होता, शाई जरा पसरली होती. “तुझ्या त्या आम्लाचा थेंब कागदावर पडला तर असं होतं?”

तिनं लेबल हातात घेतलं. मग स्वतःची उजवी बाही उलटीपालटी करून पाहिली, जी तिनं कितीतरी वेळा धुतली होती आणि जिला एकही भोक नव्हतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“पाणी होतं,” ती म्हणाली. “मी पाण्यात पाणी टाकलं.”

“आवाज हळू. आता मला भांडारातून अशीच एक बाटली आणून दे. काकांच्या रजिस्टरला सही करून. आणि कुणाला काही बोलायचं नाही.”

तिनं बाटली आणून दिली. मी तिला परत टेबलावर पाठवलं आणि मुद्दाम दार उघडं टाकून अध्यक्षांकडे गेले, समिती जरा लवकर बसवा म्हणून सांगायला. जिन्यात साहेब भेटले. त्यांना म्हटलं, “सही करतेच आहे, कंटाळा आला या सगळ्याचा.”

परत आले तेव्हा टेबलावर माझा चष्मा होता, पेन होतं, सोडवलेलं लेबल होतं. बाटली नव्हती.

५

समिती बसली तेव्हा उन्हं उतरली होती. अध्यक्ष, दोन सभासद, काका, कंत्राटदार, साहेब. टाचणी कोपऱ्यात उभी. साहेबांनी स्वतः तिच्यासाठी खुर्ची मागवली होती. चांगुलपणात ते काही कमी पडत नव्हते.

“सही झाली?” अध्यक्षांनी विचारलं.

“आधी एक विचारायचंय. साहेब, आम्लाची बाटली तुम्ही कधी शर्टाच्या खिशात ठेवता का? हृदयापाशी?”

ते हसले. “मॅडम, मी वेडा आहे का? झाकण जरा सैल असलं तर छातीचं कातडं जाईल.”

“तेच म्हणते. प्रयोगशाळेतला कुणीच ठेवणार नाही. पण वसतिगृहात तुम्ही ती तिथूनच काढलीत. हे शर्ट तुमचे, कधी डाग नसलेले. बाटली काढताना यांनी पाहिलंय.” मी कंत्राटदाराकडे बोट केलं. तो बिचारा आनंदानं मान डोलवू लागला आणि मग मधेच थांबला. “ज्याला माहीत असतं की बाटलीत साधं पाणी आहे, तोच ती खिशात ठेवतो. तुम्ही तिच्या पिशवीतली बाटली काढून घेतलीत, तिच्यात पाणी भरलंत आणि विसरली म्हणून उदार मनानं परत आणून दिलीत.”

“हा काय आरोप आहे?”

“अजून पुरता झाला नाही. तिनं ते पाणी नमुन्यात टाकलं. एक थेंब लेबलावर पडला, लेबल जळलं नाही. बाहीला टिपला, बाहीला भोक पडलं नाही. बाकी एप्रनची चाळण झालीय, तुम्हीच बघा. नमुन्यात आम्ल नसलं की शिसं पाण्यातून निघून काचेला चिकटतं. भांडारात बाटली पडून राहिली, तसं ते चिकटत गेलं. आज तुम्ही ओतलंत ते पाणी. शिसं बाटलीतच राहिलं. सील फोडायची गरजच नव्हती, चोरीचा माल बाटलीबाहेर गेलाच नव्हता.”

टाचणी खाली बघत म्हणाली, “आमच्यापैकी कुणी पाणी आंबट आहे का ते पाहिलंच नाही. लिटमस कागदाचा एक तुकडा बुडवला असता तर कळलं असतं. पण आम्ल टाकलेलं असतंच, असं आम्ही धरून चालतो.”

“म्हणूनच ती बाटली दिवसभर मागितली जात होती,” मी म्हटलं. “तिची आंघोळ झाली की सगळं धुतल्या तांदळासारखं.”

साहेबांनी टेबलावरचं पेन सरळ करून ठेवलं. “गोष्ट छान आहे,” ते म्हणाले. “पण बाटली कुठे आहे? ती हौदात आहे. मीच टाकली, नियमाप्रमाणे. तुम्हीच पाठवते म्हणाला होतात. आता तिच्यात काय होतं आणि काय नव्हतं, हे कुणी सांगू शकत नाही.”

टाचणीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच पाणी आलं होतं.

“हौदातली बाटली मागवा,” मी अध्यक्षांना म्हटलं.

६

शिपायानं चिमट्यानं धरून ती आणली, निथळत. मी म्हटलं, “उलटी कर आणि बुडाचा आकडा वाच.” आमच्या प्रत्येक बाटलीच्या बुडाला काचेत कोरलेला क्रमांक असतो. शिपायानं वाचला. काकांनी रजिस्टर उघडलं, जे त्यांनी न सांगताच काखेत मारून आणलं होतं, आणि चष्मा वर करून म्हणाले, “ही तर आज दुपारी टाचणीनं नेलेली. नवी.”

मी माझी पर्स उघडली, रुमालाखालून खरी बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. हिच्या बुडाचा क्रमांक सोडवलेल्या लेबलावर होता तोच होता. दिवसभरात साहेबांच्या हातून झालेली एवढीच चूक. टेबलावरची बाटली उचलताना त्यांनी ती उलटी करून पाहिली नव्हती. इतका नेटका माणूस, पण घाई झाली होती.

“आता,” मी टाचणीला म्हटलं, “तुझं काम तू कर.”

ती पुढे आली. आम्लाची बाटली घेतली आणि आधी एक थेंब स्वतःच्या धडधाकट उजव्या बाहीवर टाकला. सगळे बघत राहिले. जराशानं तिथं पिवळट ठिपका उमटला. तिनं मान हलवली.

“आम्लातच शिसं असलं तर?” साहेब म्हणाले. त्यांचा आवाज आता पहिल्यासारखा नव्हता.

“बरोबर शंका आहे,” टाचणी म्हणाली. “म्हणून आधी दुसरी बाटली. जिला सरांनी स्वतः आंघोळ घातलीय.”

तिनं हौदातल्या बाटलीत थोडं स्वच्छ पाणी आणि तेच आम्ल घातलं, गोल फिरवून काच सगळीकडून भिजवली, एक थेंब पट्टीवर ठेवला. आम्ही थांबलो. पडद्यावर रेघ सरकत गेली, शिशाच्या थांब्यावरून पुढे निघून गेली, सपाट. मग खरी बाटली. तेवढंच पाणी, तेच आम्ल, तसंच फिरवणं, नवी पट्टी. यावेळी ती जास्त वेळ फिरवत राहिली. मी चुकले असते, तर तिचं नाक मीच सगळ्यांसमोर कापलं असतं.

रेघ निघाली. जस्ताच्या जागी काही नाही. कॅडमियमच्या जागी काही नाही. आणि मग ती वळली आणि चढायला लागली, चढत राहिली. पडद्याची वरची कड आली तरी थांबेना, टाचणीला पडद्यावरचं मोजमाप वाढवावं लागलं.

अध्यक्ष खुर्चीतून अर्धवट उठले होते. कंत्राटदारानं कपाळावर हात मारला. “म्हणजे माझ्या रंगात होतं,” तो म्हणाला. “आणि मी कागद घेऊन फिरतोय.”

“तो कागद त्यांनी यंत्रावर चादर असताना दिला,” मी म्हटलं. “रंग तपासलाच नव्हता. यंत्र बंद, म्हणून साहेबांकडे काम अडलं असं कुणी म्हणू नये, यासाठी नुसता बघून पास केला. मग टाकीतल्या त्या नखाएवढ्या खेळण्यानं ते पकडलं.”

साहेबांनी आपली बाही नीट केली. “इतक्या वर्षांत एकदाच,” ते म्हणाले. “एकच कागद न तपासता दिला. वाटलं, रंगच तर आहे. तिचा इशारा आला तेव्हा मला वाटलं, ती माझ्याकडेच बोट दाखवतेय.” मग टाचणीकडे वळून, “मला तुझी नोकरी घालवायची नव्हती.”

“मुलींनी ते पाणी प्यायलं असतं, सर,” ती म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि पट्टी टेबलावर ठेवून दिली. मला साहेबांची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्हीपैकी एकही कमी होईना.

लोक पांगले. अध्यक्षांनी सेन्सर जिथं आहेत तिथंच राहतील असं तोंडी सांगितलं आणि अहवाल मात्र आजच हवा म्हणून मला बसवून ठेवलं. टाचणी समोर बसली होती. एप्रन मांडीवर घेऊन त्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत होती.

“धुतलं की इथं भोक पडणार,” ती म्हणाली.

“दुसरा एप्रन मी मागवते. माझ्या सहीनं लवकर येतो. लोक मला घाबरतात.”

ती हसली, मग तोंड एप्रनमध्ये लपवून एकदाची रडली. मी तिला रडू दिलं आणि साहेबांचं टिपण समोर ओढलं. ‘सदर पाण्यामुळे कुणीही आजारी पडलेले नाही.’ सकाळपासून हे वाक्य तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणून माझ्या टेबलावर पडून होतं. ते मी खोडलं नाही. तसंच्या तसं माझ्या अहवालात उतरवून घेतलं, त्याच्याआधी ‘हिने वेळेवर पाणी बंद केले म्हणून’ एवढं घातलं आणि खाली सही केली.